मिरच्यांचा वास

चोपड्याच्या अक्कांना नमस्कार,

तुमच्या भावाला पुन्हा जळगावच्या दवाखान्यात आणलंय. बायपासनंतर डॉक्टरांनी बजावलं होतं, महिनाभर कोणी भेटायला नको. तुम्ही मात्र सर्दी घेऊन सावद्याला आलात. मास्क दिला तर म्हणालात, "आते कोठे ऱ्हायना तुना कोरोना? मी काय परकी शे का?" मी तुम्हाला आत घेतलं. नणंदेला दाराबाहेर कोण ठेवतं?

मग यांना कणकण आली. मी दवाखान्यात न्यायला गाडी बोलावली, तर तुम्ही निखाऱ्यावर मिरच्या टाकल्यात. मी स्वयंपाकघरात ठसकत होते आणि हे म्हणाले, "मला तर वासच येत नाही." तुम्ही खूश! म्हणे, वास नाही म्हणजे दृष्टच लागली होती, आता उतरली. गाडी परत पाठवलीत.

अहो अक्का, वास कोरोनाने गेला होता! खोकला इतका वाढला की ऑपरेशनमध्ये छातीच्या हाडाला बांधलेली तार सैल झाली. फुप्फुसात पाणी झालं. आता खोकला आला की उशी छातीशी घट्ट दाबून धरतात, तरी कळवळतात. आणि तुम्ही गावभर सांगताय, मी दृष्ट काढली म्हणून भाऊ वाचला!

मी हे लिहीत असताना यांनी विचारलं, "कोणाला लिहितेस?"

"अक्कांना."

त्यांचा चेहरा उजळला. "बोलावून घे तिला. अजून वास येत नाही गं मला. पुन्हा एकदा दृष्ट काढेल."

पत्र घडी करून पर्समध्ये ठेवतेय. भांडू तरी कोणाशी?

तुमची भावजय,
मोहिनी