विहीर मार्चमध्ये आटते

साडभाऊ बिसरामजींना दवनीवाड्याहून सुखरामचा मनापासून रामराम.

तुमची कंबर आता कशी आहे? नागझिऱ्यात रोज जिप्सीत बसून लोकांना वाघ दाखवायचा (बहुतेक वेळा न दाखवायचा) म्हणजे कंबरेचे हालच. ताईंना त्यांच्या धाकट्या बहिणीचा, आमच्या प्रेमिलाचा नमस्कार. तुमच्याकडे फोन लागत नाही, म्हणून गाडीवाल्याच्या हाती हे पत्र पाठवतो आहे.

रिंकूसाठी चुन्नीलालनं आणलेलं स्थळ तुम्हाला ठाऊकच आहे. मुलगी आमच्या पोराला इतकी आवडली, की तो आता न सांगता आंघोळ करतो. संक्रांतीनंतर मुलीकडचे घर पाहायला येणार, म्हणून समोरची कवेलूची छपरी काढून स्लॅब टाकायचा, भिंतीला टाइल्स लावायच्या असं ठरलं. मी ठेकेदार शोधायला निघणार, तोच कुडव्याचा दुर्गाप्रसाद ठेकेदार दारात हजर! काम आहे असं कळलं म्हणे. दुसऱ्या दिवशी सांगितलेल्या वेळेवर कामाला आला. ठेकेदार आणि वेळेवर? तिथंच माझ्या मनात पाल चुकचुकली.

काम छपरीचं, आणि हा माणूस सरळ स्वयंपाकघरात. "विहिरीले बारा महिने पाणी राहते का? पोरगा काय करते? पेते का?" अहो, स्लॅबचा आणि पोराच्या पिण्याचा काय संबंध? न्हाणीघराची कडी आतून लागते का, तेही आत जाऊन लावून पाहिलं. (तेव्हा आत कोणी नव्हतं म्हणून बरं.) मी ताडलं, हा एक तर चोरांचा माणूस आहे, नाहीतर ऐपत पाहून भाव चढवणार. मग मीही सुरू झालो, "काऊन विचारून राहिले जी? आमच्या घरी काहीच नाही. विहीर मार्चमध्ये आटते. धान किडीनं खाल्ला. पोरगा दिवसभर मोबाईल पाहून राहते. बायकोच्या भाजीले चव नाही." आमच्या विहिरीवर मे महिन्यात अर्धं गाव पाणी भरतं, हे तुम्ही जाणताच. (भाजीचं प्रेमिलानं ऐकलं. त्यानंतर भाजीला खरोखरच चव नव्हती.)

काल चुन्नीलाल आला आणि परांचीवर उभ्या दुर्गाप्रसादला पाहून त्यानं हात जोडले, "मामाजी, तुमी इथं कायले?"

मुलीचा सख्खा मामा, बिसरामजी! ठेकेदारही खरा आणि मामाही खरा. पाहुण्यांना आपण बैठक दाखवतो. यानं माळ्यापासून न्हाणीपर्यंत सगळं पाहिलं, आणि जे दिसलं नाही ते मीच पदरचं घालून सांगितलं. रिंकू कालपासून जेवला नाही, माझ्याशी बोलतही नाही. पोराचं तोंड पाहून मला फार वाईट वाटतं.

ता.क. पत्राचं खरं कारण हे, की तुम्ही तडक कुडव्याला जाऊन मामांना सांगा, "आमच्या साडभाऊला खोटं बोलायची जन्मापासून सवय आहे, त्याचं मनावर घेऊ नका." (मांजराचे ठसे वाघाचे म्हणून दाखवता, तुम्हाला हे जड नाही.)

आणखी ता.क. थांबा, जाऊ नका! मामा आत्ताच येऊन होकार देऊन गेले. म्हणाले, "लय घरं पायलो जी, सारे फुगवून सांगतेत. घरचं उणं तोंडावर सांगणारे तुमीच निघाले. आमच्या पोरीले असाच सासरा पायजे." रिंकू पोटभर जेवला. प्रेमिला म्हणते, मामा आले की मी भाजी अळणीच करत जाईन. पण लग्न एप्रिलमध्ये ठरलं आहे आणि मांडव घालायला मामा स्वतः येणार आहेत, अगदी विहिरीजवळ. भरलेली विहीर कशी लपवायची, ते लवकर कळवा.