कुलपाबाहेरचा खेळाडू

नवीन जालना

तीर्थस्वरूप कचरूमामांना भाचा कल्याण याचा लांबूनच नमस्कार (जवळ यायची सध्या हिंमत नाही). तुमचा गुडघा कसा आहे? पोरांना पळवताना स्वतः पळू नका. मामींनाही नमस्कार सांगा. मी मजेत आहे (असं पत्रात लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिलं).

मामा, कॉलेजच्या बास्केटबॉल संघाचे कोच म्हणून तुम्ही बजावलं होतं, की पगारी लीगच्या करारावर एकदा सही केली की कॉलेजकडून खेळणं बंद, तेव्हा शेवटचं वर्ष खेळ आणि मग जा. पण तोवर लीगने मला निवडलं म्हणून आपल्या जाफराबादला माझा सत्कार ठरला होता. हार गळ्यात असतानाच बातमी आली, की पगारावरून मालकांचं आणि खेळाडूंचं फाटलं आणि मालकांनी लीगला टाळं ठोकलं. शहाण्याने तिथेच हार उतरवला असता. पण आपल्याकडे शाल एकदा खांद्यावर पडली की माणसाला जावंच लागतं. त्यात पंगती बसलेल्या, सरपंचांचं भाषण अर्ध्यावर (त्यांनी मला दोनदा क्रिकेटपटू म्हटलं). कार्यक्रम पुढे ढकला असं म्हणणार कोण? मला वाजतगाजत जीपमध्ये बसवलं.

इथे संघाच्या मैदानाच्या गेटसमोर उंच उंच माणसं बसलेली दिसली. ती मला घ्यायला आलीत असं वाटून मी सगळ्यांना पेढे वाटत सुटलो. ते टाळं ठोकून बाहेर काढलेले खेळाडू होते. महेमूदभाई, म्हणजे संघाचा कप्तान, पेढा हातात धरून मला म्हणाला, "कॉलेज सोडून आला का तू? अन् मी इथं अर्धं राह्यलेलं कॉलेज पुरं कराया फारम भरून राह्यलो." पेढा त्याने तसाच खिशात ठेवला. तरी संध्याकाळी मालकांच्या मॅनेजरने करार पुढे केला, तेव्हा मी मोटारसायकलच्या सीटवर कागद ठेवून सही केली. टाळं उघडलं की पगार चालू, म्हणाला. सही न करता गावात कोणतं तोंड दाखवणार होतो? आता फार पस्तावतो, मामा. पहाटे सवयीने जाग येते, बूटही घालून होतात, पण जायला मैदान नाही. मग गेटपर्यंत जाऊन कुलूप बघून येतो.

तुमचा भाचा,
कल्याण

ता. क. यातलं आईला काही सांगू नका. माझा सराव जोरात चालू आहे म्हणा. टाळं आज-उद्या निघेलच, त्यामुळे मला परत यायची बिलकुल गरज नाही.

आणखी एक ता. क. आपल्या कॉलेजच्या फायनलला माझ्या जागी आर्यन उतरणार असं कळलं. पोरगा चांगला आहे, पण डावीकडून घुसायला बिचकतो. मला खेळता येणार नाही, ठाऊक आहे. पण त्याला पाणी द्यायला कुणीतरी लागेलच ना? रेषेच्या आत पाय ठेवणार नाही, मामा. तुम्ही फक्त ये म्हणा.