मोरस आली

लातूर, १२ सप्टेंबर १९८२

ती. अक्कास रामकिशनचा सप्रेम जयभीम. वि. वि.

इकडे आम्ही सगळे ठीक. लातूर जिल्हा होऊन महिना होत आला, पण कचेरीत बसायला अजून धड खुर्च्या नाहीत. उस्मानाबादेहून फायलींचे ट्रक येतात, आम्ही त्या जमिनीवर पसरून तालुकावार लावत बसतो. नव्या जिल्ह्याचं पहिलं काम काय, तर टँकर कुठे पाठवायचा! पावसाने पार दगा दिला. तिकडे मुखेडकडे पडला का, कळव.

आता खरी बातमी. आपल्या विशाखाचं जमलं. मुलगा निलंग्याचा, नाव सुमेध, आपल्याच समाजातला, साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत आहे. वडील अण्णाराव हेडमास्तर. दोघांनी एकमेकांना कॉलेजातच पाहून ठेवलं होतं, हे मला सगळ्यांत शेवटी कळलं. बाप म्हणजे बिनकामाचा पाहुणा! आईला प्रवास झेपायचा नाही, म्हणून साखरपुडा गावाकडेच, १४ ऑक्टोबरला ठरवला आहे. दीक्षेचा दिवस.

अडचण तुला ठाऊकच आहे. आपल्या घरात मोरस आणत नाहीत. साखरेला मोरस म्हणणारं आणि तिला उंबऱ्याच्या आत न घेणारं दुसरं घर मी अजून पाहिलं नाही. कारण विचारलं की आई एवढंच म्हणते, मोरसमध्ये माणूस हाय. छप्पन साली हिनेच घरातले देव टोपलीत घालून नदीला सोडले, मागे वळून पाहिलं नाही. साखरेचं भूत मात्र हिच्याने सोडवत नाही. आता साखरपुड्याला साखर नको म्हणायचं, तेही कारखान्यातल्या मुलाला? तू तिला समजाव. तुझं ऐकते, माझं हसण्यावारी नेते.

पाऊस आटला तरी लोभ आटू देऊ नकोस.

तुझा,
रामकिशन


ता. मुखेड, १९ सप्टेंबर

चि. रामकिशनास केवळाअक्काचे अनेक आशीर्वाद व जयभीम. वि. वि.

पोरीचं जमलं, वाचून लई बरं वाटलं. आमच्याकडं पाऊस न्हाईच. ज्वारी गुडघ्याला येऊन वाळली. ऊसतोडीचा मुकादम आतापासूनच वस्तीत फिरून राहिला. दिवाळीनंतर निम्मी वस्ती ट्रकात बसणार. त्याची जीप वाजली की आई दार लावून घेते.

तिला समजवायला गेले अन् तिचंच ऐकून आले. रामू, मोरस म्हणजे साखर न्हाई. मोरस मुलखाचं नाव हाय.

आपली आजी चांगुणा तुला आठवायची न्हाई. मला आठवते. दुकानात तागडीत साखर ओतली की ती कानावर हात ठेवायची. म्हणायची, आत बोलून राहिलेत. आम्ही पोरी हसायचो. मेलं, आता ते हसू आठवलं की नको वाटतं.

चांगुणा पाच वर्षांची असताना मोठा दुष्काळ पडला. माणसं झाडपाला खायची. तवा तेलंगी बोलणारा एक मुकादम आला. मोरसला चला म्हणला, साखर चाळायचं हलकं काम, दोन वक्त भात. चांगुणेचा बाप मारोती त्याच्यासंग गेला. गुलबर्ग्यातनं आगगाडी, मद्रासहून जहाज, एवढं मागं कळलं. परत आला न्हाई. सांगावाबी न्हाई.

तिची माय भामा वाट बघून राहिली. दुष्काळ सरला. एक दिवस बाजारातनं आलेल्या कुणीतरी वस्तीत ओरडून सांगितलं, मुखेडला मोरस आली, मोरस आली! भामाला वाटलं, मोरसला गेलेली माणसं आली. तिनं भाकर फडक्यात बांधली, लेकराचा हात धरला अन् पळत सुटली. दुकानापुढं ही गर्दी. आपल्या लोकांनी लांब उभं राहायचं. लांबूनच विचारू लागली, माझा मारोती कुठं हाय? लोक हसले. दुकानदारानं चिमूटभर पांढरी साखर वरून तिच्या हातावर टाकली, म्हणला, ही बघ मोरस.

भामा हाताकडं बघतच राहिली. चांगुणेनं ती साखर चाटली. भूक लागली होती लेकराला. गोड लागली, अजून मागू लागली. तवा माय म्हणली, बापाला खाल्लंस गं.

चांगुणा म्हातारी होऊन मेली, पण पुन्हा साखर जिभेला लावली न्हाई. मरताना सुनेच्या हातावर हात ठेवून वचन घेतलं. ती सून म्हणजे आपली आई. आता तूच सांग, मी तिला काय समजावू?

पोरीची दृष्ट काढ. माया आहे तशीच राहू दे.

तुझी अक्का


निलंगा, २७ सप्टेंबर

आयु. रामकिशनजी यांस सविनय जयभीम. वि. वि.

आपलं पत्र पोचलं. आमची साखर आपल्या घराचा उंबरा ओलांडू शकत नाही, तेव्हा साखरेऐवजी गुळाचा पुडा आणावा, असं आपण लिहिता. कारण भेटीत सांगू म्हणता. कारण कशाला हवं? ते आम्ही पिढ्यान् पिढ्या ऐकत आलो. माझ्या वडिलांना हॉटेलाबाहेर फुटक्या कपात वरून चहा ओतला जायचा. ओतणारे तेव्हा दुसरे होते. आता आपल्याच माणसाने आमच्या वस्तूचा विटाळ मानावा, हे बघायचं राहिलं होतं.

मुलगा म्हणतो, काहीतरी गैरसमज असेल. त्याच्या वयाला तसं वाटणारच. मी साखरपुड्याला येणार नाही. सुमेध आणि त्याची आई साखर घेऊन येतील. आपल्या मातोश्रींनी ती स्वतःच्या हाताने आत नेली तर सोयरीक झाली. दारातून परत आली तर विषय संपला.

राग नसावा, असं लिहायची पद्धत आहे. मला मात्र आलेला आहे.

आपला,
अण्णाराव


लातूर, २ ऑक्टोबर

ती. अक्कास सप्रेम जयभीम. वि. वि.

मी माती खाल्ली. तुझं पत्र वाचून डोकं चालेना, म्हणून शहाणपणा करून अण्णारावांना गूळ आणा असं लिहून बसलो. त्यांचं उत्तर सोबत पाठवतो, ते वाच. विटाळ! अक्का, हा शब्द आपल्या दारावर यावा? पण त्यांच्या जागी मी असतो तर मीही हेच लिहिलं असतं.

विशाखा म्हणते, आजीला छळू नका, मी लग्नच करत नाही. असं म्हणते आणि भरलं ताट सरकवून उठते. तिचा चेहरा बघवत नाही.

मोरस मी शोधलं. मॉरिशस म्हणतात ते. नकाशात मोहरीएवढा ठिपका. इथल्या कॉलेजातल्या एका प्राध्यापकांना विचारलं. ते म्हणाले, तिथल्या उसाच्या मळ्यात आधी गुलाम राबत. इंग्रजांनी गुलामी बंद केली, पण साखरेची हाव कुठे बंद झाली? मग करारावर अंगठा घेऊन हिंदुस्थानातली उपाशी माणसं न्यायला सुरुवात केली. आपल्याकडे राज्य निजामाचं, पण जहाज आणि मळा साहेबाचा. दुष्काळातसुद्धा देशातलं धान्य आगगाडीने बंदराला जात होतं, आणि त्याच वाटेने माणसं. वर त्यांनी पिकवलेली साखर इथे मागे राहिलेल्यांनाच विकायला आली. दुकानदार भामाला खोटं बोलला नव्हता गं.

काल चहात साखर टाकताना माझा हात थांबला. चमचा कपाला लागून वाजला आणि मी दचकलो. बायको म्हणाली, काय झालं? मी चमचा पुन्हा डब्यात ठेवला.

आईला हे सगळं सांग. निर्णय तिने घ्यावा. ती नाही म्हणाली तर मी एका शब्दाने बोलणार नाही. पण नाही म्हणू नये, असं फार वाटतं.

जीव लावतेस तसाच लावत राहा.

तुझा,
रामकिशन


ता. मुखेड, १६ ऑक्टोबर

आयु. अण्णारावभाऊंना केवळाबाईचा जयभीम. वि. वि.

तुम्ही आला न्हाईत, म्हणून तुमच्या राणीसरकारांना विचारून हे पत्र लिहून राहिले. साखर का अडली ते सुमेधनं घरी येऊन सांगितलं असंल. ते मी पुन्हा उगाळत न्हाई.

आईला सगळं सांगितलं, तिनं चार दिवस घेतले. मग म्हणली, साखर येऊ दे. पण माणूस बिननावाचा घरात कसा घ्यायचा? सोयरिकीत दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांची नावं मुक्कामासकट पुकारतात, त्यात त्याचं पुकारा.

आमचे बौद्धाचार्य निवृत्तीमामा आधी घुटमळले. त्रिशरण पंचशील झालं, पोराकडची नावं झाली, पोरीकडची झाली. मग त्यांनी घसा खाकरला अन् पुकारलं, वधूचे खापरपणजोबा मारोती, मुक्काम मोरस.  आई उंबऱ्यावर आली. तुमच्या मंडळींच्या हातातला पुडा तिनं घेतला, पोटाशी धरला, या म्हणली अन् आत नेला. आत गेल्यावर तिनं काय केलं ते मी बघितलं न्हाई. बघू वाटलं न्हाई.

एवढ्यावर भागलं असतं. पण मागं बसलेली कस्तुराबाई उठली, म्हणली, माझा चुलता साहेबाच्या लढाईत खेचरं हाकायला गेला होता, त्याचंबी नाव घ्या, मुक्काम बसरा. मग एकानं रंगूनला गेलेला आजा सांगितला. एक बाई लई वेळ पदर तोंडाला लावून बसली होती. तिनं लेकाचं नाव सांगितलं, मुक्काम उसाचा फड. मागल्या सालीच गेला तो, ट्रक उलटून. निवृत्तीमामा पुकारत राहिले अन् लोक सांगत राहिले. मला तर वाटलं, मांडवात बसायला जागा उरायची न्हाई. या सगळ्यात मुलामुलीचीच नावं राहून गेली! शेवटी विशाखाच उठली, म्हणली, आता आमचीबी घ्या, आम्ही इथंच हाव. तवा कुठं माणसं हसली.

सोयरीक झाली, भाऊ. साखर घरात हाय. तुम्ही आला न्हाईत, ते आईच्या मनाला लागलं. आता राग धुऊन टाका अन् घर आपलं म्हणा.

तुमची बहीण,
केवळाबाई


निलंगा, २४ ऑक्टोबर

आयु. केवळाताईंस सविनय जयभीम. वि. वि.

आपलं पत्र पोचलं, दोनदा वाचलं. मी जो शब्द लिहिला, त्याची लाज वाटते. मातोश्रींची माफी मी समोर येऊन मागेन, ते पत्रात उरकण्यासारखं नाही.

आमच्याही घरात एक नाव आहे, ते कोणी घेत नाही. माझ्या आजीची थोरली बहीण गंगम्मा. त्याच दुष्काळात ही माणसं गुलबर्ग्याकडे खडी फोडायला गेली होती. तिथे एक बाई तिला कामाला लावते म्हणून ठेसनाकडे घेऊन गेली. घरच्यांनी दोन दिवस वाट पाहिली आणि मग ती पळून गेली असं ठरवलं. मीसुद्धा लहानपणापासून तिला पळून गेलेली असंच म्हणत आलो. सुमेधने तिकडून परतल्यावर सगळं सांगितलं, मारोतींच्या गुलबर्ग्याच्या आगगाडीचंही, तेव्हापासून झोप नाही. उपाशी पोरीला पळून जायला जागा तरी कुठे होती?

लग्नाची पत्रिका मी इथेच छापायला दिली आहे. मारोतींचं नाव मुक्कामासह घातलं आहे, खाली गंगम्माचं. छापखान्यातला माणूस तिचा मुक्काम विचारत होता. मी म्हटलं, तेवढी जागा कोरी सोडा. कोणाला ठाऊक असेल तर तो हाताने लिहील.

मातोश्रींना नमस्कार सांगा. आमच्यावर त्यांची माया असू द्यावी.

आपला भाऊ,
अण्णाराव