गंजक्या गळ्याची गाणी

आई, माझ्या गळ्याला तू विहिरीवरचा गंजका रहाट म्हणायचीस. तेही एकदा नाही, येईल-जाईल त्याच्यासमोर. चांदवडच्या घरात मी कुणाला मोठ्यानं हाक मारली की तू आतून ओरडायचीस, "तोंड मिट गं बाय, लोकं म्हणतील ह्यांच्या दारात ढोर मरायला टेकलंय." तुझा स्वतःचा आवाज काही फार मंजूळ होता अशातला भाग नाही, पण तुझं लग्न उरकलेलं होतं, तुला कसली फिकीर. तुला जाऊन इतकी वर्षं झाली आणि आज मी लिहायला बसलेय, ते तुझ्या आठवणीनं डोळे भरून आले म्हणून नव्हे. चौथीत शाळेतून काढलंस, तेवढ्या अक्षरांत बसेल तेवढं सांगते. ऐकून घे. आता मधूनच उठून जायची सोय तुला राहिलेली नाही.

मला बघायला नाशिकची माणसं आली तो दिवस घे. तेव्हा मुलीला गाणं म्हणायला सांगायची रीत होती. जन्मभर चुलीपुढं बसवायची, पण आधी गाणं ऐकून घ्यायचं. आदल्या दिवसापासून तुझ्या घरभर येरझाऱ्या. मग काकाची मुलगी बोलावून आणलीस, तिला मधल्या दाराच्या पडद्याआड बसवलंस आणि मला म्हणालीस, "पदर फुडं घे, मान खाली घाल. ती गाईल तसे नुसते ओठ हलव. आवाज काढलास तर माझं मेलेलं तोंड बघशील." मी बसलेय. समोर पाहुणे पोहे चावताहेत. पडद्याआडून चुलतबहीण देवीचं गाणं म्हणतेय आणि मी पाण्याबाहेर काढलेल्या माशासारखी तोंड उघडतेय, मिटतेय. शेवटी शेवटी ती घाबरली आणि एक कडवं गाळूनच थांबली. मला काय माहीत? तिचा आवाज बंद, माझे ओठ आपले चालूच. तू हातातला तांब्या खाली पाडलास, सगळे तिकडं वळले, आणि माझं लग्न ठरलं. केवढी खूश झाली होतीस! जशी काही लढाई मारली.

लग्नाला महिना झाला नसेल, सासूबाई पोळी भाजता भाजता म्हणाल्या, "गाणं थांबलं तरी तुझे ओठ चालत होते, पाहिलं हो मी." माझं लाटणं जागच्या जागी थांबलं. त्या म्हणाल्या, "घाबरतेस कशाला? आम्हाला घरकामाला माणूस हवं होतं. गाण्याचं ह्यांनी आपलं विचारलं, काहीतरी विचारायचं म्हणून." कळलं का, आई? काहीतरी विचारायचं म्हणून. तो पडदा, ती शपथ, तो तांब्या, तुझी सगळी अक्कल तू अशा गोष्टीपायी खर्च केलीस, जी समोरच्याला नकोच होती.

तरी तुझं पोट भरलं नव्हतंच. माझ्या मुलाच्या बारशाला आलीस. बायकांनी पाळणा म्हणायला घेतला, मी ओली बाळंतीण, मला भान राहिलं नाही, तोंडातून सूर निघाला. लगेच तू दंडाला चिमटा काढलास. "ओठ हलव." माझंच लेकरू, माझीच पाळण्याची दोरी, आणि मी मुकी. त्याच्या नावाचं जे काही गायचं ते शेजारणींनी गायलं. पुढं मला सवयच लागली. आरतीला टाळ्या वाजवायच्या, मंगळागौरीला फेर धरायचा, तोंड हलवायचं. घरात एकटी असले तरी गळा उघडेना. तुझा चिमटा इतका टिकाऊ निघाला. तू दिलेली बाकीची भांडी केव्हाच मोडीत गेली.

पुढं आम्ही गंगापूर रोडला राहायला आलो आणि मी इंजिनिअरिंगच्या पोरांची मेस सुरू केली. परातभर कणीक, पातेलंभर डाळ, आणि "मावशी, भाजी पुन्हा तीच?" म्हणून कुरकुर. "तुझ्या आईकडं जा, ती रोज नवी करेल," म्हटलं की गप्प जेवायची. त्यात एक मुलगा होता, केस पार पाठीपर्यंत. सुट्टीत घरी जाताना टेपरेकॉर्डर आणि कॅसेटींचं खोकं माझ्याकडं ठेवून गेला. खोलीवर चोरीला जाईल म्हणाला. एका सकाळी कणीक मळताना मी कोपरानं बटण दाबलं. आधी नुसता ड्रम, उखळात मुसळ पडावं तसा. मग गिटार. मग एक माणूस ओरडायला लागला. सूर नव्हता असं नाही, पण तो कुणी खडकावर घासून आणावा तसा होता. हात कणकीत तसेच ठेवून मी उभी राहिले. हा तर आपला रहाट! आणि त्याच्या त्या ओरडण्यावर माणसं वेड्यासारखी टाळ्या पिटत होती, कॅसेटीत स्पष्ट ऐकू येत होतं. त्याच्या आईनं पडद्याआड दुसरा कुणी बसवलेला नव्हता.

सुट्टी संपवून तो मुलगा आला तेव्हा माझ्या सगळ्या कॅसेटी ऐकून झाल्या होत्या. "मावशी, इंग्रजी शब्द कळतात का तुम्हाला?" असं हसत विचारतो. मी म्हटलं, "शेजारच्या घरात भांडण लागलं तर भिंतीपलीकडून शब्द ऐकू येतात का रे? तरी कोण कुणावर का चिडलंय ते कळतंच की." तेव्हापासून त्यानं मला हसणं सोडलं आणि नव्या कॅसेटी आधी माझ्याकडं आणायला लागला. त्यातलं सगळंच मी चांगलं म्हणणार नाही. काहीजण नुसते मिक्सरमध्ये खडे घालून फिरवतात आणि त्याला गाणं म्हणतात. काहीजण एवढे केस वाढवतात, एवढी कातडी जाकिटं चढवतात, आणि शेवटी पोरगी सोडून गेली म्हणून रडत बसतात. एक गिटारवाला आहे, त्याची बोटं थांबतच नाहीत, मुंग्यांच्या वारुळावर पाय पडल्यासारखा सुटतो. त्याचं सुरू झालं की मी भांडी घासायला घेते. पण एक लांबलचक गाणं आहे. ते हळू सुरू होतं, एकच गिटार, अगदी शहाण्यासारखं. डाळ शिजत येते आणि इकडं हे गाणं सगळं घर अंगावर घेतं. ते मला कधी पुरलं नाही. आणि सगळ्यांत आवडतं ते एका बाईचं. फाटका, भाजलेला आवाज. मी त्या मुलाला दोनदा विचारलं, "बाईच आहे ना ही?" हो म्हणाला. "हिला गाऊ कुणी दिलं?" यावर तो खोक्यात दुसरी कॅसेट शोधायला लागला. त्याला काय ठाऊक.

आता मेस बंद आहे. नात कॉलेजात जाते, तिनं ती सगळी गाणी मोबाइलमध्ये शोधून दिली आणि डब्याएवढा एक स्पीकर आणला. सून टीव्हीवर गाण्याच्या स्पर्धा बघते. त्यातली पोरं साखरेच्या पाकातून काढल्यासारखी गातात आणि परीक्षक रुमाल शोधतात. मी उठून आत येते. परवा नात म्हणाली, "आजी, एवढी ऐकतेस, पण तुला कधी गुणगुणतानासुद्धा पाहिलं नाही."

"गळा खराब आहे माझा."

"अगं, मग झालं तर! या गाण्यांना खराबच गळा लागतो."

आई, हे वाक्य ऐकायला मी म्हातारी झाले. इतकं साधं वाक्य. तुझ्या तोंडून आलं नसतंच, पण दुसऱ्याही कुणाच्या आलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मुलगा-सून कामावर गेलेली बघून मी स्वयंपाकघराची खिडकी लावून घेतली. नातीनं स्पीकर ओट्यावर ठेवला, त्या बाईचं गाणं लावलं. शब्द मला कुठले यायला, पण जिथं जे ऐकू येतं तिथं ते बसवून ठेवलंय मी, इतकी वर्षं मनातल्या मनात. "पोटातून ओरड, आजी. लाजायचं नाही." म्हटलं, "तू मला पोट शिकवू नकोस." बाईची ओरडायची जागा आली आणि मी तोंड उघडलं. या खेपेला आवाजासकट.

बारीक निघाला. मऊ, थोडा थरथरता, अगदी घरंदाज. मी पुन्हा जोर लावला, पुन्हा तसाच. आवाज बदलल्याचं कधी कुणी बोललं नाही मला. वयानं आतल्या आत सगळा गंज घासून नेला आणि मी तोंड मिटून बसले होते, मला पत्ताच नाही. ज्या गळ्याला ते गाणं पेललं असतं तो तू वापरू दिला नाहीस, आणि आता जो उरलाय तो तुला हवा होता तसला. आता बसव मला पाहुण्यांसमोर.

नातीनं मात्र दोन्ही हात गालाला लावले. "अगं आजी! किती गोड आवाज आहे तुझा!"

"बंद कर तो डबा," मी म्हटलं. "गोड म्हणे. गोड खायचं असतं." ती बावरली. तिला मी तुझ्याबद्दल काही सांगितलं नाही, सांगणारही नाही. तिच्या डोक्यात तू कशाला?

हे पत्र कुठं टाकायचं नाही, घडी करून ठेवायचंही नाही. लिहून झालं की फाडेन. पण फाडण्याआधी एक लिहून टाकते, कारण बोलून दाखवायची नाही मी. पोर गोड म्हणाली ना, तेव्हा चिडायच्या आधी, अगदी निमिषभर, मला बरं वाटलं होतं.