गाऱ्हाणं घातल्याबद्दल पंधरा दिवस

मालवण
रविवार, १२ ऑक्टोबर

प्रिय गौरजा,

फोनवर आपलं बोलणं 'जेवलीस काय' आणि 'थंय पाऊस आसा काय' यापलीकडे जात नाही, म्हणून कागद घेतला. तुझी आई हसते आहे, बापलेकीने पत्रं लिहायची ही कसली थेरं म्हणून. इकडे सगळं ठीक. देवबागात पर्यटक सुरू झाले, त्यामुळे महिन्याभरात होड्यांची अकरा आउटबोर्ड इंजिनं दुरुस्त करून हातावेगळी केली आणि एकही परत आलं नाही. तुझ्या गोदीतल्या डिग्रीवाल्या साहेबांना हा आकडा अवश्य सांग.

आपला ओंकार आठवीत असल्यामुळे यंदा मला तुमच्या शाळेच्या पालक-शिक्षक संघावर घेतलंय. मी सातवीनंतर शाळेचं तोंड न पाहिलेला माणूस, पण सभेचं इतिवृत्त मीच लिहितो. माझं अक्षर तिथल्या सगळ्यांपेक्षा चांगलं आहे. हे मी म्हणत नाही, मराठी शिकवणाऱ्या विमला मॅडम म्हणाल्या. तर गेल्या सोमवारी तातडीची सभा लागली. वरच्या वाडीतल्या रुक्मिणीची अनुजा, नववीतली, हिला मुख्याध्यापकांनी पंधरा दिवस शाळेत यायला बंदी केली होती. सत्र परीक्षा गुरुवारपासून, म्हणजे ती सगळी बुडणार. पालक संघाने त्या आदेशाला मान्यता द्यायची, एवढंच काम.

झालं होतं ते असं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी शाळेत सरस्वतीपूजन. पाटी मांडली, फुलं वाहिली, नारळ ठेवला, आणि मुख्याध्यापक काही येईनात. आता आपल्याकडे देवापुढे नारळ आणि भोवती माणसं असली की गाऱ्हाणं हे व्हायचंच. अनुजाचा आजा देवळात गाऱ्हाणं घालतो, त्यामुळे पोरीला सगळी चाल तोंडपाठ. तिने नारळ उचलला आणि सुरू केलं, "आई सरस्वती, आमच्या शाळेच्या नळाक तीन म्हयने पाणी नाय, ता येऊ दी. आनी मुख्याध्यापकांचो राग वायच कमी कर गो माये." त्रेचाळीस पोरं एका सुरात ओरडली, "व्हय म्हाराजा." मुख्याध्यापक त्या वेळी दारातच उभे. गृहस्थ घाटावरचे, बदलून येऊन चार महिने झालेले. गाऱ्हाणं म्हणजे सगळ्यांनी मिळून देवाकडे मागणं, हे त्यांना ठाऊक नाही. त्यांना दिसली ती फक्त आपली टवाळी. आणि आपल्याकडचे मास्तर शेजारी उभे असून एकानेही त्यांना समजावलं नाही.

खरं सांगतो, मी सभेला निघालो तो आदेशाच्या बाजूनेच. शिस्त म्हणजे शिस्त, इंजिनाला एक नट ढिला चालत नाही तर शाळेला कसा चालेल, असं वाक्यसुद्धा तयार ठेवलं होतं. तुला माझा हा स्वभाव माहीत आहे. तुझ्या नववीत तुला पाच दिवस घरी बसवलं तेव्हाही मी शाळेच्याच बाजूने होतो. 'मुलीने उलट उत्तर दिले' अशी चिठ्ठी आली, आणि मी तुला समोर बसवून माफीपत्र सांगितलं. समास नीट नाही म्हणून तीनदा परत लिहायला लावलं. तू एक शब्द बोलली नाहीस. चौथ्या वेळी पत्र उत्तम उतरलं, आणि मी ते आईला वाचून दाखवलं.

सभेत रुक्मिणी भिंतीला टेकून उभी होती, खुर्ची दिली तरी बसेना. ती म्हणाली, "सायब, तुमचो राग कमी जावंदे म्हटल्यान माझ्या चेडवान. ह्यात वायट काय मागल्यान?" कोणीतरी फिसकन हसलं आणि मुख्याध्यापक आणखी तापले. शाळेत अशा शिक्षा पूर्वीपासून होत आल्यात हे दाखवायला त्यांनी कपाटातून शिस्तीचं जुनं रजिस्टर काढलं आणि मागच्या नोंदी मोठ्याने वाचायला माझ्याकडे दिलं. दोन वाचल्या. तिसरी मनात वाचली आणि थांबलो. चष्मा घरी राहिला असं खोटंच सांगितलं. चष्मा नाकावर होता.

मग मी म्हटलं, मुलगी बाहेर व्हरांड्यात बसली आहे, तिला आत बोलावून काय झालं ते तिच्या तोंडून ऐकू, तोवर मी सही करणार नाही. मुख्याध्यापक म्हणाले, तिला काय विचारायचंय. मी म्हटलं, बिघाड काय ते न विचारता मी पंपसुद्धा खोलत नाही. अनुजा आली. आधी रडली, मग घडाघडा बोलली. टवाळी थोडी होतीच, ते तिने कबूल केलं. पण गाऱ्हाण्यात शेवटी सगळ्यांचं बरं मागतात, ते मागायच्या आधीच सरांनी नारळ हातातून काढून घेतला, हे तिला लागलं होतं. विमला मॅडमनी ती सगळी चालरीत मुख्याध्यापकांना समजावली. त्यांनी आदेशाचा कागद स्वतःकडे ओढला. मग म्हणाले, तुमच्याकडे राग कमी करायला देवाकडे अर्ज करतात, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. आदेश मागे घेतला. 'समज दिली' एवढंच नोंदवलं, तेही माझ्या अक्षरात. गुरुवारी अनुजा पेपराला बसली. नळ अजून कोरडा आहे, पण प्लंबर येऊन बघून गेलाय.

आता ती तिसरी नोंद. नऊ वर्षांपूर्वीची, तुझ्या नावाची. 'विज्ञान प्रदर्शनासाठी इंजिनाचा तक्ता रंगवण्यास नकार. कारण विचारता, कॉम्प्रेशनला दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतात, चित्रात एक उघडा आहे, माझ्या बाबांनी इंजिन खोलून दाखवलं आहे, असे उद्धट उत्तर. पाच दिवस.' गौरजा, दोन्ही बंदच असतात. तू माझ्या शब्दाला चिकटून राहिलीस आणि मी तुला त्याच शब्दाची माफी मागायला लावली. तू का नाही सांगितलंस, असं मी विचारणार नाही. मी विचारलं कुठे होतं. चुकलो मी. दिवाळीला येशील तेव्हा ओटीवर बसू आणि तो दिवस तू मला पहिल्यापासून सांग. मी मध्ये बोलणार नाही.

तुझाच,
बाबा