अंगणातला होकार

१२ नोव्हेंबर १९३४, रत्नागिरी

आज सायंकाळी सव्वापाच वाजता माझ्या वाचनाची टवाळी झाली. तारीख-वेळ मुद्दाम लिहून ठेवते.

बाकी दिवस झकास! भाट्याच्या खाडीलगत चिऱ्याचं टुमदार घर, माडांची सावली, कुंपणापलीकडेच राहणारे घरमालक रावजी आदबशीर. मुंबईच्या कॉलेजात जन्मभर तीनशे वर्षांपूर्वीची इंग्रजी नाटकं शिकवली. आता निवृत्त होऊन त्यांतल्या एका सूडनाटकाचं मराठी करायला इथे आले. नाटक कानांनी तपासावं, हे कॉन्व्हेंटचं वळण. म्हणून उंबऱ्यात उभी राहून नायकाची आळवणी खणखणीत वाचली : ‘हे या भूमीच्या धन्या, या घरात जो निजतो, त्याचा प्राण मला दे!’

अंगणातून उत्तर आलं, ‘होय महाराजा!’

बाहेर चिटपाखरू नाही. शेजाऱ्यांना शिस्त लावावी लागणार.

१४ नोव्हेंबर

पुन्हा तेच. या वेळी होकार अनेकांचा, एका सुरात. कामवाली धोंडूबाई भांडी टाकून धावत आली.

“बाईनू, गाऱ्हाना कशाला घालताव? गुरव देवाला असाच सांगतो नि मानसा ‘होय महाराजा’ बोलतात. हितल्या राखणदारान, ह्या जाग्याच्या देवान, ऐकलान. आता तो द्येनार.”

त्याला म्हणावं, आधी पाचवा अंक वाच, मी म्हटलं. ती हसली नाही.

“पन ह्या घरात निजतंय कोन?”

मी. एकटीच.

१६ नोव्हेंबर

उतारा खोडला. उंबऱ्यात जाऊन स्पष्ट सांगितलं, मागणं परत घेते. कोणी होकार दिला नाही. धोंडूबाई म्हणते, घातलेलं गाऱ्हाणं गुरवानेच नारळ ठेवून फिरवायचं. गुरव आला. फाटकातून अंगणाकडे पाहिलं आणि नारळ तसाच घेऊन परतला. असला भित्रेपणा!

सामान बांधलं आहे.

१७ नोव्हेंबर, दुपार

धोंडूबाई आली नाही. फाटक उघडत नाही — पलीकडून धरलेलं — दिसत कोणीच नाही.

मी तोंड मिटून बसले आहे. तरी अंगणात माझा आवाज. तीच आळवणी, माझ्याच ठेक्यात. आणि प्रत्येक ओळीला ते —

रावजींना हा कागद कुंपणावरून टाकणार :

जागेला राखणदार आहे, हे भाडेकरूपासून लपवणं ही शुद्ध फसवणूक आहे. आज सहाच्या आत, सहीनिशी, लेखी कळवा की मी ही जागा सोडली आहे. इथे आता कोणीही निजत नाही. तोंडी उत्तर मी स्वीकारणार नाही. तोंडी उत्तर, ते ‘होय महाराजा’, उंबऱ्याच्या आत आलं — लेखी, रावजी, सहाच्या आत, ले