दसऱ्याला मामांनी संगणक पुजला

तीर्थस्वरूप त्रिंबकमामांना,

भवानी पेठेतून इंद्रजीतचा साष्टांग नमस्कार. गुडघे कसे आहेत? करकंबात थंडी पडली का? माझ्या मानेचं विचारू नका.

तुमचा बंद पडलेला संगणक आमच्या दुरुस्तीच्या दुकानात पोचला. बाकी सगळं गेलं तरी चालेल, पण तुझ्या मामीचा त्यात राहिलेला आवाज तेवढा काढून दे, असं तुम्ही म्हणाला होतात. तो कुठल्या नावानं ठेवला हे तुम्हाला आठवत नाही (बिघाडात फायलींची नावंही गेली, तेव्हा तुम्हाला माफ). मला वाटलं, सोपं आहे. प्रत्येक फाईलचा, बोटाचा काढतात तसा, एक ठसा काढता येतो. बाजारातल्या प्रोग्रामांच्या फायली सगळीकडे सारख्याच, त्यामुळे त्यांचे ठसेही सारखे, आणि त्यांची यादी आमच्याकडे असते. जुळल्या त्या ओळखीच्या म्हणून बाजूला सारायच्या. उरतात त्या घरच्या. फक्त फाईलमध्ये एक अक्षर जरी वाढलं, तरी ठसा पार बदलतो.

तुमच्या शेकडो फायली जुळेचनात! दुकानात व्हायरसची आवई उठली, शेजारच्या बिरप्पानं खुर्ची लांब नेली. कंटाळून एक फाईल उघडली, तर माथ्यावर 'श्री'. दुसरीवरही श्री. फोन केला तर तुम्ही म्हणालात, "दसऱ्याला पूजा केली की. श्री न लिवता कदी वही सुरू केलीय व्हय आपण?" मामा, वही बिचारी सोसते. प्रोग्राम नाही सोसत, म्हणून तर संगणक बसला. (कीबोर्डातल्या हळदीकुंकवाबद्दल मी बोलतच नाही.)

मग एकेक फाईल उघडून पाहिली. डोळे गेले, त्याचं काही नाही. भीती एकच होती, मामीच्या फाईलवरही तुम्ही श्री घातलं असेल, तर ती कायमची गेली. पण आवाजाची फाईल वहीसारखी उघडली की नुसती चित्रविचित्र अक्षरं दिसतात, आणि तसल्या फायली तुम्ही भिऊन तशाच सोडल्यात. तुम्ही भित्रे आहात हे फार बरं झालं.

सापडली. तुमची लेक अंकिता रविवारी तिकडे येते आहे, तिच्याबरोबर पेन ड्राइव्ह पाठवतो.

आपला दमलेला भाचा,
इंद्रजीत

ता. क. : त्या फाईलचा ठसा मी काढून ठेवला आहे. हात लावलात तर मला कळेल.

ता. क. २ : एक प्रत मी आधीच ठेवून घेतली, परवानगी आता मागतो. शाळेच्या दिवसांत तुमच्याकडे असताना मीही त्याच आवाजानं उठायचो. नाही म्हणू नका, मामा. त्यात गाणं-बिणं काही नाही. तुम्ही कुठलं तरी बटण शोधताय, आणि मागून मामी म्हणते, "अवो, सारका हात लावू नगा त्याला. हाय तसं ऱ्हाऊ द्या की."